माझं पंक्चरपुराण

‘‘मॅडम, साडेदहाची वेळ होती ना? सर निघाले.’’

रिसेप्शनवरची मुलगी माझ्या काळ्याकुट्ट हातांकडे बघत होती. तीन आठवडे फोन करकरून मिळवलेली मुलाखत. आणि मी कर्वे रोडवर पंक्चर झालेली सायकल ढकलत होते! फ्रीलान्सरचं गणित सोपं असतं. मुलाखत गेली की स्टोरी गेली, स्टोरी गेली की घरभाड्याचा एक तुकडा गेला.

पंधरा दिवसांतलं हे तिसरं पंक्चर. तिन्ही वेळा मागचंच चाक.

सायकल घेतली तेव्हा कारणं एकदम सॉलिड होती. पेट्रोल शंभरीपार, वजन सत्तरच्या उंबरठ्यावर. शिवाय पुणं म्हणजे एकेकाळचं सायकलींचं शहर. बाबांनी नोकरीची पहिली पंधरा वर्षं सायकलवर काढली, मग मला काय झालंय?

त्या संध्याकाळी मी जाहीर करून टाकलं, ‘‘सायकल विकतेय.’’

बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, ‘‘हवा कधी भरलीस शेवटची?’’

असा राग आला म्हणून सांगू! इथे माझी स्टोरी गेलीय आणि यांना हवेचं पडलंय. ‘‘आहे की हवा. अंगठ्याने दाबून बघते मी.’’

‘‘अंगठ्याने आंबा बघतात. टायर नाही.’’

दुसऱ्या दिवशी ते मला त्यांच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या काकांकडे घेऊन गेले. काकांनी ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. बुडबुडे आले, तेही दोन ठिकाणांहून. शेजारी शेजारी दोन बारीक भोकं.

‘‘साप चावला ताई तुमच्या ट्यूबला,’’ काका हसले.

टायरमध्ये हवा कमी असली आणि चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की ट्यूब रस्ता आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते. रिमच्या दोन कडा, म्हणून दोन भोकं. ना खिळा, ना काटा. मीटर लावून काकांनी पुढच्या चाकाची हवा बघितली. २८ पीएसआय. टायरच्या कडेवर स्वच्छ छापलेलं होतं, ५० ते ७५. सहा महिने मी त्या टायरवर बसून फिरतेय आणि ते कधी वाचलंच नव्हतं. मी! जिचं पोटच लिहिण्या-वाचण्यावर चालतं.

गंमत बघा, हवेच्या टायरचं पेटंट १८८८ मध्ये घेणारा जॉन बॉइड डनलॉप पेशाने जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून त्याने हा उद्योग केला. म्हणजे आपलं वजन पेलते ती आतली हवा. आणि ती ट्यूबमधून, पंक्चर नसतानाही, हळूहळू कमी होतच असते.

मग आधीची दोन पंक्चरं? ट्यूबवर दोन जुने पॅच जवळजवळ एकाच जागी होते, रस्त्याच्या बाजूला. काकांनी टायरच्या आतून एक फडकं सावकाश फिरवलं. एका जागी ते अडकलं. पकडीने ओढल्यावर बाहेर आली केसाएवढी बारीक तार. ट्रकच्या फाटक्या टायरांतल्या असल्या तारा रस्त्यावर पडलेल्या असतात म्हणे. दोन्ही वेळा ट्यूब दुरुस्त झाली, पण गुन्हेगार टायरमध्येच मुक्कामाला होता. कारण दोन्ही वेळा दुकानात उभी राहून मीच ओरडत होते, ‘‘लवकर करा हो, लवकर!’’

तर मंडळी, हे पुराण ऐकल्याचं फळ म्हणून एवढं लक्षात ठेवा. मीटरवाला पंप घ्या आणि आठवड्यातून एकदा हवा बघा. टायर बसवताना त्याच्यावरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येऊ द्या, म्हणजे ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधली जागा लगेच सापडते. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे का बघा, आतून आऱ्याचं टोक टोचत असतं. पॅच लावताना सोल्यूशन हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, ओल्यावर चिकटवलेला पॅच सुटतो. पावसाळ्यात टायर रोज पुसून बघा, कारण ओल्या रबरात काच सहज घुसते. आणि मागचं टायर आधी झिजतं, कारण जास्त वजन त्याच्यावर असतं. नवीन एकच घेणार असाल, तर ते पुढे लावा आणि पुढचं चांगलं असेल तर मागे. पुढचं टायर अचानक बसलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

मीही नवीन टायर घेतलं, आत पंक्चर रोखणारा जाड पट्टा असलेलं. जरा जड आहे, चढावर दम काढतं. पण मला रेस जिंकायची नाहीये, वेळेवर पोचायचंय.

ती मुलाखत पुन्हा मिळाली नाही. दोन मेल केले, उत्तर नाही. ‘पंक्चर झालं होतं’ हे कारण कितीही खरं असलं, तरी ऐकायला शाळेतल्या बहाण्यासारखंच वाटतं. त्यात चूक माझीच होती हे कळल्यावर तर तिसरा मेल करायचा धीरच झाला नाही.

सायकल मात्र विकली नाही. दर रविवारी सकाळी मी पंप मारते आणि बाबा चष्मा सावरत मीटर वाचतात.

‘‘साठ. बास.’’