सही तपासल्याशिवाय आता नाही

लिनक्स टाकायला शिकवताना मी कित्येक वर्षं एकच गोष्ट बजावत आले: फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, मग काळजी नाही. कुणी डिजिटल सहीचा विषय काढला की मी तो बाजूला सारायचे. एवढी खबरदारी बँकांनी घ्यावी, सरकारी खात्यांनी घ्यावी, कॉलेजच्या लॅबमध्ये तिची गरज काय, असं मी ठासून म्हणत असे. आज माझं ते मत राहिलेलं नाही.

ते बदललं लिनक्स मिंटच्या प्रकरणाकडे नीट पाहिल्यावर. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोर मिंटच्या वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळात शिरले आणि डाउनलोडच्या पानावरची लिंक त्यांनी बदलली. १७.३ सिनॅमन आवृत्ती मागणाऱ्याला बल्गेरियातल्या एका सर्व्हरवरची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाइल, मिळू लागली. दिसायला, चालायला ते मिंटच होतं. आत मात्र ‘त्सुनामी’ नावाचा छुपा प्रोग्राम होता, जो आयआरसी या चॅट-व्यवस्थेवरून बाहेरच्या माणसाचे हुकूम घेई. प्रकल्पाचे प्रमुख क्लेमाँ लफेव्र यांनी दुसऱ्याच दिवशी हे उघडपणे जाहीर केलं. त्या दिवशी ज्यांनी टॉरेंटवरून फाइल घेतली ते वाचले. मी सांगत होते तसे जे सरळ मुख्य पानावर गेले, तेच सापडले. हे वाचल्यावर माझ्या सल्ल्यात काही उरलं नाही.

मग चेकसमचा, म्हणजे फाइलवरून काढलेल्या आकड्याचा, ताळा करावा, असं कुणी म्हणेल. मीही म्हणत असे. फाइलमधला एक बिट इकडचा तिकडे झाला तरी चेकसम पार वेगळा येतो, हे खरंच. पण मूळ आकडा कुठून घ्यायचा? त्याच पानावरून. त्या हल्लेखोराने पुढे एका पत्रकाराला सांगितलं, की पानावरचा चेकसमही आपण बदलला होता, आणि नाहीतरी तो तपासतंय कोण! दुधात पाणी घालणाऱ्याकडूनच लॅक्टोमीटर मागून घेण्यासारखं आहे हे. फाइल अर्धवट उतरली का, एवढं चेकसम चोख सांगतो. ती कुणी बनवली, हे त्याला ठाऊकच नसतं.

ते सही सांगते. सही करायची खासगी किल्ली संकेतस्थळाच्या सर्व्हरवर ठेवायचीच नसते. त्यामुळे संकेतस्थळ बळकावलं तरी चोराला खरी सही करता येत नाही. आता माझ्या लॅबमध्ये चेकसमची यादी आणि तिची सही, दोन्ही उतरवतो आणि जीपीजी या सही तपासणाऱ्या प्रोग्रामला तपासायला लावतो. सही जुळल्याची ओळ येते आणि तिच्याखालीच, ही किल्ली नक्की मालकाचीच आहे याची खात्री नाही, असा इशारा येतो. मुलं तिथे घाबरतात. खरं काम तिथूनच सुरू होतं. किल्लीची ४० अक्षरी ओळखखूण आम्ही दुसऱ्या ठिकाणाहून मिळवतो. एक विद्यार्थिनी चार-चार अक्षरांचे दहा गट मोठ्याने वाचते, दुसरी पडद्यावर बोट ठेवून जुळवते. पाच मिनिटांचंही काम नाही.

हा आग्रह इन्स्टॉलेशनच्या फाइलसाठीच का? कारण पासवर्ड, अँटिव्हायरस, डिस्कचं एन्क्रिप्शन, सगळं त्यानंतर येतं आणि तिच्यावरच उभं राहतं. शिवाय एक पेनड्राइव्ह लॅबच्या प्रत्येक मशीनला लागतो.

हा धोका लिनक्सपुरता नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मँडियंट या सुरक्षा कंपनीने युक्रेनमधला प्रकार उघड केला: विंडोज १०च्या फेरफार केलेल्या आयएसओ टॉरेंटवर ठेवल्या होत्या आणि त्या सरकारी यंत्रणांमधल्या संगणकांवर पोचल्या. त्यांत आपोआप होणारे अपडेट बंद होते, परवान्याची तपासणी काढलेली होती. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात फॉर्मॅट मारून विंडोज टाकून घेताना नेमकं हेच आपण सोय म्हणून मागतो. अपडेट बंद करून द्या, ॲक्टिव्हेशन विचारणार नाही असं करा. त्या दुकानदाराच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. पण त्याच्या पेनड्राइव्हवरची फाइल कुणाच्या हातून आली, हे त्यालाही माहीत नसतं.

सहीवर आंधळा विश्वास मात्र मी ठेवत नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लिनक्समध्ये फाइल लहान करायला वापरल्या जाणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत छुपा दरवाजा सापडला. तो प्रकल्पातल्याच विश्वासातल्या माणसाने घातला होता. सही तपासून तो पकडला जाणं शक्य नव्हतं.

सहकारी म्हणतात, सामान्य माणूस हे करणार नाही. मान्य, त्याने करूही नये. पण जो दुसऱ्यांच्या मशीनवर सिस्टिम टाकतो, शिकवणारा असो की दुकानदार, त्याने हे केलंच पाहिजे. लॅबमध्ये आता कुणाचा तयार पेनड्राइव्ह मी लावू देत नाही. परीक्षा तोंडावर असली तरी फाइल नव्याने उतरवायची, सही तपासायची, मगच मशीनला हात लावायचा.