हवापालट आणि रोजची हवा

आपल्या घरांतून एके काळीं ‘हवापालट’ हा शब्द औषधाच्या नांवासारखा उच्चारला जात असे. ताप रेंगाळला, बाळंतिणीचा अशक्तपणा हटेना, मुलाचा खोकला जाईना, कीं वैद्य आणि डॉक्टर दोघेही एकमतानें तोच उपाय सांगत. ज्यांची ऐपत असे ते पांचगणी गांठीत; ज्यांची नसे ते आजोळीं जात. माझें माहेर साताऱ्याचें आणि सासर सांगलीचें. या शब्दाचा महिमा मीं दोन्ही घरच्या वडीलमंडळींच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्याचीं दोन स्मारकेंही दोन्हीकडे आहेत. सातारा जिल्ह्यांत पांचगणीस डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं १९१२ मध्यें क्षयरोग्यांसाठीं ‘बेल एअर’ हें आरोग्यधाम काढलें. इकडे सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान डॉ. विल्यम वानलेस यांच्या नांवाचें क्षयरुग्णालय उभें राहिलें, आणि त्या वस्तीसच वानलेसवाडी म्हणूं लागले.

अशा आरोग्यधामांत रोग्यास मिळे काय? स्वच्छ हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांति. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ मध्येंच दाखवून दिला होता. परंतु त्यास मारणारें औषध हातीं नव्हतें, म्हणून सारी भिस्त हवेवर. पुढें १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला, त्यामागून आणखी औषधें आलीं, आणि हवेचा खरा वांटा किती, हें तपासून पाहण्याची वेळ आली. ती परीक्षा आपल्याच देशांत, मद्रासेस, १९५६ पासून झाली. कांहीं रोग्यांस आरोग्यधामांत ठेवलें. कांहींस त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरींच राहूं दिलें. औषधें मात्र दोघांस सारखींच. वर्षभराच्या उपचाराचा निकाल १९५९ मध्यें प्रसिद्ध झाला. घरीं राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते! रोग हटविला तो औषधानें, हवेनें नव्हे. आज झाडांची थोरवी सांगतांना जे त्यांस धन्वंतरीच्या पंक्तीस बसवितात, त्यांनीं हा निकाल विसरूं नये.

मग हिरवळीचा आरोग्याशीं कांहींच संबंध नाहीं काय? असें म्हणणें हें दुसरें टोंक झालें. अन्न हें औषध नव्हे, म्हणून कोणी जेवण सोडीत नाहीं. अमेरिकेंत रॉजर उलरिच यांनीं १९८४ मध्यें एक साधी तुलना प्रसिद्ध केली. एकाच रुग्णालयांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांपैकीं निम्म्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, निम्म्यांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें दिसणारे रोगी सरासरीनें सुमारें पाऊण दिवस आधीं घरीं गेले आणि त्यांस वेदनेवरचीं तीव्र औषधें कमी लागलीं. रोगी थोडे, फरकही थोडा. पण विचार करावयास लावणारा.

आपल्यासारख्या पुस्तकवेड्या घरांनीं तर चीनमधील ग्वांगझौ शहराची हकीकत अवश्य ध्यानांत ठेवावी. तेथें बारा प्राथमिक शाळांपैकीं सहांत सहा वर्षांच्या मुलांस रोज ४० मिनिटें अधिक उघड्यावर नेलें. तीन वर्षांनीं पाहतां, इतर शाळांत शेंकडा ३९.५ मुलांस नव्यानें लांबचें दिसेनासें झालें होतें; या मुलांत तें प्रमाण शेंकडा ३०.४ होतें. हा निकाल २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. येथें गुण झाडाचा नसून बाहेरच्या उजेडाचा असावा, असें शास्त्रज्ञांस वाटतें. असेना का! ज्या अंगणांत मूल रमतें, तेंच त्यास उजेडांत आणतें.

किती वेळ बाहेर असावें, याचाही शोध झाला आहे. इंग्लंडांत सुमारें वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्यें असें आढळलें कीं, जे आठवड्यांतून दोन तास तरी निसर्गाच्या सान्निध्यांत घालवितात, ते आपली प्रकृति उत्तम असल्याचें अधिक प्रमाणांत सांगतात. निरोगी माणूसच अधिक फिरतो, असेंही असूं शकेल; तें सोडून देऊं. मुलांस रोज ४० मिनिटें, मोठ्यांस आठवड्याचे दोन तास! हें माप वर्षांतून एकदां केलेल्या हवापालटाचें नव्हे. मिठासारखें थोडें थोडें, पण नेमानें घेण्याचें आहे.

पूर्वीच्या घरांत हें माप आपोआप भरे. घराबाहेर पडण्याची मुभा नसलेल्या बाईलाही परस होतें, विहीर होती, तुळशीवृंदावन होतें. वटपौर्णिमेस वडापर्यंत चालावें लागे, कार्तिकांत आवळीभोजन असे. आतां वडाची फांदी विकत आणून दिवाणखान्यांत पुजतात. आमच्या सासूबाई ती पाहून म्हणाल्या, “वडाकडे जायचं सोडून वडालाच घरी बोलावलंत होय ग?” मला उत्तर सुचलें नाहीं.

उलट आपण दूरच्या निसर्गाकडे झुंडीनें धांवतों. साताऱ्याजवळचें कासचें पठार २०१२ मध्यें जागतिक वारशांत गेलें, आणि फुलांच्या दिवसांत गर्दी इतकी लोटूं लागली कीं तिच्यावर मर्यादा घालावी लागली. साताऱ्याच्या माणसास खरा आधार कासाचा नाहीं, डोक्यावरच्या अजिंक्यताऱ्याचा आहे. पहाटे उठून तो चढतां येतो. सांगलीस डोंगर नाहीं. पण आमराई आहे, कृष्णेचा घाट आहे. आणि जेथें कांहींच नसेल तेथें तें निर्माण करतां येतें. याच जिल्ह्यांतील सागरेश्वराच्या उजाड टेकड्यांवर धों. म. मोहिते यांच्या ध्यासानें माणसांच्या हातांनीं रान उभें राहिलें, आणि १९८५ मध्यें त्याचें अभयारण्य झालें.

आमच्या इमारतीमागें असाच एक लहानसा तुकडा आहे. दोन कडुलिंब, एक करंज आणि एक बाक, एवढीच त्याची संपत्ति. तेथें फरशी घालून मोटारी उभ्या कराव्या, असा विचार चालला असून पुढील महिन्यांत त्यावर सभा आहे. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळें त्यांचें जग त्या बाकापर्यंतच पोंचतें. सकाळीं तेथें अर्धा तास ऊन घेऊन, चार बायकांशीं बोलून त्या वर येतात, त्या दिवशीं त्या नीट जेवतात आणि रात्रीं त्यांस झोंप लागते; पावसाची झड लागली कीं दोन्ही बिघडतें. सभेंत मी झाडांच्या औषधी गुणांविषयीं एक अक्षरही बोलणार नाहीं. एवढेंच सांगणार आहें कीं, मोटार दोनशें पावलें लांब उभी राहिली तर तिचें कांहीं बिघडत नाहीं. बाक दोनशें पावलें लांब गेला, तर आमच्या सासूबाईंचें बाहेर जाणेंच संपतें.