जुळलेल्या रेषेचा मोह

गणिताने काढलेली रेषा प्रयोगाच्या ठिपक्यांवरून अलगद गेली की होणारा आनंद पेशींतल्या संकेतमार्गांची मॉडेलं बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. माझा अहंकार त्या रेषेवरच पोसला गेला आहे. तरीही तिला पुरावा मानायला मी आता तयार नाही. गुटेनकुन्स्ट, सेथना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जीवशास्त्रातली १७ मॉडेलं तपासली. सगळ्यांत एकच दुखणं निघालं: वेगांकांची, म्हणजे अभिक्रियांचे वेग ठरवणाऱ्या आकड्यांची, मोजकी मिश्रणं निकाल ठरवतात, उरलेली अनेक पटींनी हलवली तरी रेषा जागची फारशी ढळत नाही. मग रॅस, रॅफ, मेक, अर्क या संकेतवाहक प्रथिनांच्या साखळीचे माझे वेगांक ‘सापडले’ असं मी कोणत्या तोंडाने म्हणावं? प्रत्येक वेगांक स्वतंत्र मोजा, असं रसायनवाले सुचवतात. पण परीक्षानळीतला वेग पेशीच्या दाटीत तसाच राहील याची हमी नाही, आणि नेमका एखादा मोजायचा राहिला तरी भाकीत कोसळू शकतं.

म्हणून ठिपक्यांशी जुळणारे वेगांकांचे शेकडो संच एकदम चालवावेत, आणि त्यांचं कुठे बिनसतं ते पाहून नेमका तोच प्रयोग करावा, या मताला मी आलो आहे. यावर खरा बोचणारा आक्षेप वेगळाच आहे: कोण कोणाला चालवतं-रोखतं हे दाखवणाऱ्या आराखड्यातून एखादा बाण सुटला असेल, तर शेकडो संच एकमताने चुकतील. हे खरंच आहे. बी-रॅफ हा रॅफचा प्रकार रोखणाऱ्या व्हेम्युराफेनिब या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. बी-रॅफचा तोच जनुकबदल असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र ते फारसं चाललं नाही. तिथे रॅफ रोखताच पेशीच्या पृष्ठभागावरच्या ईजीएफआर या ग्राहक प्रथिनावरचा लगाम सुटतो आणि संकेत पुन्हा वाहू लागतो. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळात कमी असतो. ॲमस्टरडॅममधल्या बर्नार्ड्स यांच्या गटाने २०१२ मध्ये हे उलगडलं ते जनुकं गप्प करून, मॉडेलने नव्हे. औषध न दिलेल्या पेशींच्या ठिपक्यांशी जुळवलेल्या रेषेला हा लगाम दिसण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे संच चालवायचे ते आराखडेही बदलून, आणि जुळवायचे ते औषधाने विस्कटलेल्या पेशींशी.

यंत्रशिक्षणवाले म्हणतात, आराखडा हवाच कशाला? औषध लागू पडेल की नाही, हे त्यांचं जाळं सांगेलही. पण न लागल्यास जोडीला कोणतं द्यायचं, हे बाणांवाचून कसं कळणार? आतड्याच्या या कर्करोगात बी-रॅफ रोखणाऱ्या एन्कोराफेनिबबरोबर ईजीएफआर रोखणारं सेटुक्सिमॅब देण्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली; ही जोडी सुचली ती याच बाणावरून. असं असूनही कितीतरी शोधनिबंधांत एकच ‘सर्वोत्तम’ रेषा छापतात. तितक्याच चांगल्या जुळलेल्या बाकीच्या परिशिष्टातही नसतात. वाचकापासून ही माहिती लपवणं मला अप्रामाणिक वाटतं.