पुसदचे नाईकसाहेब आणि आपण

१ जुलैला जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये कृषिदिन होतो. वसंतराव नाईकांच्या फोटोला हार पडतो, दोन रोपं लावली जातात, फोटो ग्रुपवर टाकले की कार्यक्रम संपला. १९९८ साली याच तारखेला अकोल्यातून आपला वाशीम जिल्हा वेगळा झाला. जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात निम्म्या पोरांचा जन्मही १ जुलैचाच सापडतो, पण ती गुरुजींची मेहरबानी!

नाईकांची खरी गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. पुसद तालुक्यातल्या गहुली या छोट्या गावात १९१३ साली एका बंजारा घरात जन्म. नागपुरात बी.ए., मग वकिली. १९४१ मध्ये वत्सला घाटे या ब्राह्मण मुलीशी लग्न, त्यावरून दोन्हीकडे गदारोळ. पुसद नगरपालिकेचं अध्यक्षपद, १९५२ ला जुन्या मध्य प्रदेशात आमदार, उपमंत्री. मारोतराव कन्नमवार पदावर असतानाच वारले आणि ५ डिसेंबर १९६३ ला नाईक मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून जास्त. एवढा काळ सलग ती खुर्ची महाराष्ट्रात आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेली नाही. तांड्यातून आलेल्या माणसाला ती मिळाली, हे आपल्यासारख्यांनी दोनदा वाचावं.

माझ्यासाठी त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र मुख्यमंत्री होण्याआधीचं आहे. १९६० साली नेमलेल्या नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. गावोगावच्या उर्दू शाळा याच जिल्हा परिषदांनी चालवल्या. खासगी संस्थेची फी न परवडणाऱ्या मजुराची मुलगी उर्दूत अलिफ-बे आणि मराठीत अ-आ-ई एकाच छताखाली शिकते, ती त्या व्यवस्थेमुळे.

मग ज्वारी. दादी सांगायची, हायब्रीडची भाकरी गावरान ज्वारीसारखी लागत नाही, थंड झाली की कडक होते. पण पोट भरायचं, हेही तीच सांगायची. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं नाईक भर सभेत म्हणाले होते. ते काही दोन वर्षांत जमलं नाही, आणि १९७२ च्या दुष्काळात तर परदेशातली लाल मिलो खावी लागली. पण त्याच दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पसरली. खडी फोडणाऱ्या रांगेत जात-धर्म कुणी विचारला नाही. अकोला, राहुरी, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळातली.

इथवर हार घालणाऱ्यांना चालतं. पुढचं कुणी बोलत नाही. ७ मे १९७० ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, दुसऱ्या दिवशी जळगावात. मुख्यमंत्री नाईकच होते. त्यांच्याच सरकारने न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग नेमला, आणि त्या आयोगाने पोलिसांच्या एकतर्फी वागण्यावर कडक ताशेरे मारले. मुंबईत शिवसेना वाढत होती तेव्हा विरोधक तिला ‘वसंतसेना’ म्हणायचे, तेही उगाच नव्हे. आयोग नेमला याचं श्रेय द्यायचं तर शहरं जळताना सरकार कुठे होतं, हेही विचारावं लागतं. काही मित्र म्हणतात, सर, जुनी राख कशाला उकरता? मी म्हणतो, ज्या माणसाने मला शाळा दिली त्याच्याबद्दल मला अर्धवट का सांगता? आदर आहे म्हणूनच पूर्ण हिशेब हवा. नववीच्या पोरांना एवढं समजतं, मोठ्यांनाच अवघड जातं.

आणीबाणीनंतर १९७७ मध्ये उत्तरेत काँग्रेस साफ झाली, तेव्हा वाशीम मतदारसंघाने याच नाईकांना लोकसभेत पाठवलं. ती मुदत पूर्ण झाली नाही. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं.