चोवीस इंची मोहरी

रात्रीची मौजमजा म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या माणसाने चिखलदऱ्याच्या माणसाला विचारू नये. सत्तरच्या दशकात आमच्याकडे संध्याकाळी सातलाच रात्र व्हायची. शेवटची एस. टी. आली, तिच्यातून चार ओळखीची माणसं कुडकुडत उतरली, की त्या दिवसाची करमणूक संपली. पुढे नुसतं धुकं आणि कुत्री.

साडेतीन हजार फुटांवरची हवा म्हणून पाहुणे आमचा हेवा करीत. पण फॅशनला थंडीसारखा वैरी नाही. टेरिकॉटच्या नव्या शर्टावर स्वेटर, स्वेटरवर मफलर, वर माकडटोपी! आत राजेश खन्ना आहे की ग्रामसेवक, हे कळायला टॉर्च मारावा लागे. १९७५ साली ‘शोले’ आला आणि कान झाकणाऱ्या केसांची टूम निघाली, तेवढी मात्र आम्हाला मानवली. मफलरचा खर्च वाचला.

बेलबॉटमचं तसं नव्हतं. भावाने पहिल्या पगारातून कापड घेतलं, परतवाड्याच्या शिंप्याकडून चोवीस इंची मोहरी ठेवून घेतली आणि काठ झिजू नये म्हणून खाली पितळी चेन लावली. बाबांनी ती पॅन्ट दोन बोटांत उचलून पाहिली आणि म्हणाले, “याच्यात त आपलं सारं बिऱ्हाड मावते!”

पॅन्ट एक, भाऊ दोन. त्यात तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्यामुळे मी ती घालून निघालो की मागचा रस्ता झाडून निघे.

खरी अडचण आली बहिरमला. परतवाडा-बैतूल रस्त्यावरची ही जत्रा आजही २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारी सरेस्तोवर चालते. मातीच्या हंडीतलं मटण, रोडगे, टूरिंग टॉकीजचा तंबू. आमच्या लेखी पॅरिस तेच. शिवाय तिथे उजेड होता, म्हणजे कपडे दिसणार होते! निघताना भाऊ म्हणाला, “तूच घाल बे. मले थंडी वाजते.” आणि पायजमा घालून आला. पगार त्याचा, पाळीही त्याचीच होती. थंडीचं म्हणाल, तर पायजमा काही लोकरीचा नव्हता.

मी तंबूसमोर तीन फेऱ्या मारल्या. दखल घेतली ती फक्त नात्यातल्या एका मावशींनी. “अवो बाप्पा, पोट्ट्याले घागरा कोनं शिवला?”

त्यानंतरच्या होळीला आम्ही कोरकूंच्या एका ढाण्यावर गेलो. मेळघाटात होळी म्हणजे दिवाळीहून मोठा सण. तिथे पाहिली खरी रात्र! ढोल, बासरी, पांढरी धोतरं, पागोटी, बायकांचे चांदीचे दागिने आणि पहाटेपर्यंत न तुटणारा फेर. तिथे नटलेलं नव्हतं असं कुणीच नव्हतं आणि कुणी कुणाकडे वळून पाहतही नव्हतं. मी फेरात शिरलो तर दुसऱ्याच वळणाला मोहरीत पाय अडकला. एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेतलं, जाळाकडे बोट दाखवलं आणि कमरेची सुतळी काढून दोन्ही पायांच्या घोट्यांवर मोहऱ्या घट्ट बांधून दिल्या. मग मात्र मी उजाडेपर्यंत नाचलो. भाऊही नाचला, पायजम्यात, माझ्यापेक्षा बरा.

पुढे मोहऱ्या आखडल्या. आईने पॅन्ट गुडघ्यातून कापली आणि खालच्या भागाच्या बाजारासाठी दोन पिशव्या शिवल्या. भावाला म्हणाली, “चेन आयतीच हाय बरं का. पैसे वाया नाई गेले तुहे.”