ती पुडी मीच बंद करायला सांगितली होती

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीच्या एक मावशी गुडघेदुखीसाठी माझ्याकडे आल्या. चेहरा गोल गरगरीत, पोट सुटलेलं, हातपाय मात्र काटकुळे. जरा धक्का लागला तरी अंगावर काळेनिळे डाग पडायचे. "दोन वर्षं एकाकडून पुड्या आणते, डॉक्टर. पुडी घेतली की दिवसभर कामं होतात," त्या म्हणाल्या.

पुडीत स्टिरॉइड असणार, हे मी ओळखलं आणि ठणकावून सांगितलं, "आजपासून पुडी बंद!"

सहाव्या दिवशी मुलाने त्यांना रिक्षातून आणलं. ताप, उलट्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. वरचा रक्तदाब जेमतेम ८०, रक्तातली साखरही उतरलेली. सलाईन लावूनही दाब चढेना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं. संध्याकाळी मावशींनी चहा मागितला आणि माझा जीव भांड्यात पडला.

माझं निदान बरोबर होतं, सल्ला चुकला होता. का, ते समजून घ्या.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क किंवा ॲड्रीनल ग्रंथी म्हणतात. वजन अवघं चार-पाच ग्रॅम. तिच्या आतल्या भागातून ॲड्रिनॅलिन येतं. कुत्रा अंगावर धावून आला की छाती धडधडते, ती त्याच्यामुळे. बाहेरच्या भागातून अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल येतात. अल्डोस्टेरॉन शरीरातलं मीठ-पाणी राखतं. कॉर्टिसॉल रक्तदाब आणि साखर सांभाळतं. ताप, अपघात, ऑपरेशन अशा वेळी शरीराला ते जास्त लागतं आणि निरोगी ग्रंथी ते लगेच वाढवून देते.

स्टिरॉइडच्या गोळ्या म्हणजे कॉर्टिसॉलचीच भावंडं. ती बाहेरून रोज मिळाली की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी ॲड्रीनलला हुकूम पाठवणं थांबवते. काम नसल्याने ॲड्रीनल आकसते. जास्तीच्या स्टिरॉइडने चेहरा सुजतो, मधुमेह, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा मागे लागतो. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. पण औषध एकदम थांबवलं, तर झोपलेली ग्रंथी लगेच जागी होत नाही. त्यातच ताप आला की शरीर कोसळतं. मावशींचं तेच झालं.

काहींची ॲड्रीनल ग्रंथी स्वतःच आजारी पडते. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या आजाराचं वर्णन केलं. तेव्हा त्याचं मोठं कारण क्षयरोग होतं, आणि आपल्याकडे ते आजही विसरून चालत नाही. न जाणारा थकवा, घटतं वजन, खारट खाण्याची ओढ आणि बोटांच्या सांध्यांवर, तळहाताच्या रेषांत, हिरड्यांवर येणारा काळपटपणा ही त्याची लक्षणं. अशी लक्षणं दिसली तर "अशक्तपणा आहे" म्हणून टॉनिक पीत बसू नका. सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉलची रक्ततपासणी बरंच काही सांगून जाते.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. नाव नसलेली पुडी किंवा गोळी घेऊ नका. घेत असाल तर लपवू नका, ती सोबत घेऊन या. तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टिरॉइड चालू असेल, तर ते मनाने बंद करू नका. ते पायरीपायरीने उतरवावं लागतं. ताप, उलट्या किंवा ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना स्टिरॉइडबद्दल आधी सांगा. आणि दम्यासाठी किंवा सांधेवातासाठी डॉक्टरांनी मोजून दिलेल्या स्टिरॉइडला विनाकारण घाबरूही नका.

मावशींचं औषध पुढे आठ महिन्यांत, थोडं थोडं कमी करत बंद झालं. तेव्हापासून "बंद करा" म्हणण्याआधी मी विचारतो, "किती दिवसांपासून घेताय?"