मोडीतला करदोडा

२०२५ च्या श्रावणात आमच्या मुलीला मुलगा झाला आणि शाळेतल्या शिपायापासून बाजारातल्या भाजीवालीपर्यंत सगळे मला ‘आजोबा’ म्हणून चिडवू लागले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे बारसंही आमच्याकडेच, निपाणीला. सौ.ने बाळंतविड्याची यादी केली. दुपटी, कुंची, टोपडी, झबली, वाळे आणि सगळ्यांत शेवटी, जरा ठळक अक्षरात, ‘चांदीचा करदोडा’. यादी माझ्या हातात देताना ती म्हणाली, “बाकीचं मी बघते. चांदीचं तेवढं तुम्ही बघा.”

चांदीचं बघणं सोपं राहिलेलं नाही. त्याच वर्षी चांदीने किलोमागे लाखाची वेस ओलांडली आणि मागे वळूनही पाहिलं नाही. पण खरं सांगायचं तर माझी अडचण भावाची नव्हती. दुकानात मला जे नवे करदोडे दाखवले, ते यंत्रावर केलेले, एकासारखी एक कडी, डोळ्यांना चकचकीत आणि हाताला पोकळ वाटणारे. मला हवी होती हातघडणीची जाड गुंफण, हाताच्या ओंजळीत घेतली तर सापासारखी सुळ्ळकन घसरणारी. तशी आता जुन्यातच मिळते. मी घरी येऊन म्हटलं, “मोडीत आलेला एखादा जुना करदोडा बघतो.”

सौ.चा चेहरा उतरला. “अहो, दुसऱ्याच्या घरातला डाग आपल्या बाळाच्या कमरेला? कोणी कुठल्या अडचणीत विकला असेल, कोणाचा तळतळाट असेल त्यात, काही कळतं का?”

मी तेव्हा काही बोललो नाही. शाळेत शंभर पालकांना उत्तर देणारा माणूस घरातल्या एका प्रश्नापुढे गप्प बसतो, त्यातलाच तो प्रकार. शिवाय तिच्या बोलण्यातल्या एका शब्दाने मला ४१ वर्षं मागे नेलं होतं.

१९८४ साली मी एस.एस.एल.सी. झालो आणि पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला जायचं ठरलं. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून. पगार तुटपुंजा, तोही हंगाम बघून मागेपुढे होणारा. प्रवेशाचे आणि पहिल्या महिन्याच्या खानावळीचे पैसे कुठून आले, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. पण घरच्या पेटीत, पातळाच्या चिंधीत गुंडाळलेला माझा लहानपणचा करदोडा त्यानंतर कधी दिसला नाही. माझ्यानंतर माझ्या दोन्ही भावांच्या कमरेला तोच होता. आजोबांनी साठवलेले पाच राजाछाप रुपये आटवून तो केला होता. ब्रिटिश अमदानीतला तो रुपया वजनाने बरोबर एक तोळा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून ती चांदी निम्म्यावर आली. म्हणून आजोबांच्या पिढीतली माणसं रुपयावरचं साल बघून तो पेटीत टाकायचा की बाजारात चालवायचा हे ठरवीत. पाच रुपयांचा पाच तोळ्यांचा करदोडा. तो गेला आणि मी शिकलो, एवढा हिशेब मी मनाशी मांडून ठेवला होता. त्याविषयी आईला कधी विचारलं मात्र नाही.

आता करदोडा शोधायचा म्हणजे आमच्या ओळखीच्या सराफांकडेच जायचं. आमच्या भागाला चांदीचं वळण हुपरीचं. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव पैंजणांसाठी देशभर ओळखलं जातं. सरहद्द कागदावर मधून जाते, पण घागऱ्या, साखळ्या आणि कारागीर इकडून तिकडे येतजात असतात. तिथे घराघरांत हे काम चालतं. मुशीत चांदी वितळवायची, कांडी ओतायची, ती लांबवून लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढायची, सळईवर गुंडाळून कड्या कापायच्या, एकीत एक ओवायच्या आणि टाकणखार लावून प्रत्येक सांधा झाळायचा. एका करदोड्यात असे शेकडो सांधे. मजुरी द्यायची ती या शेकड्यांची. आणि करदोडा मोडीत गेला की हीच मजुरी शून्य होते. सराफ उरलेल्या चांदीचा भाव करतो, डोळ्यांचा आणि बोटांचा करत नाही.

सराफांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी मोडीचा डबा समोर ठेवला. तुटके पैंजण, एकेकटी जोडवी, चेपलेली अत्तरदाणी, देवाचा टाक आणि साखळ्यांचा गुंता. चार दिवसांनी हे सगळं मुशीत जाणार होतं. त्या गुंत्यातून त्यांनी तीन करदोडे काढले आणि म्हणाले, “बघा सर. पण मुलांचे पेपर तपासता तसे बघा. वरवर नको.”

मग त्यांनी मला जे शिकवलं ते इथे लिहून ठेवतो, वाचकांपैकी कोणाला उपयोग झाला तर होवो.

जुनी साखळी आधी बोटावर दुमडून पाहावी. कडी कडीला जिथे घासते तिथली आतली बाजू झिजून धाग्यासारखी झाली असेल, तर बाकी साखळी कितीही देखणी असो, ती तुटणारच. त्याच जागी तांबूस किंवा पिवळट रंग दिसला तर वर नुसता मुलामा आहे. फाशाची जागा, म्हणजे आकडा आणि शेवटची कडी, नीट पाहावी. तिथे करडा, मऊ गोळा दिसला तर कोणीतरी कथील-शिशाने डाग दिलेला असतो. अशी साखळी पुन्हा भट्टीजवळ गेली की ते शिसं चांदीला खातं. लोहचुंबक लावून पाहावं, पण त्यावर विसंबू नये. चुंबक लोखंडासारखे थोडेच धातू पकडतं. जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत तर तांबं, निकेल, जस्त, आणि चांदीचा कणही नसतो, तोही चुंबकाला दाद देत नाही. गोफाच्या आत लाख किंवा मळ असेल तर तो चांदीच्या भावाने तोलला जातो, म्हणून आधी धुवायचं, मग तोलायचं.

शेवटचा प्रश्न टंचाचा. सराफी भाषेत टंच म्हणजे शुद्धता. ८० टंचाचा पाच तोळ्यांचा करदोडा असेल तर त्यात चार तोळे चांदी आणि एक तोळा तांबं वगैरे. पैसे चार तोळ्यांचे, वर घडणीचं काय असेल ते. नव्या दागिन्यांवर ९२५ वगैरे आकड्यांचा हॉलमार्क असतो आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर सहा अक्षर-आकड्यांचा ओळखक्रमांक घालण्याची ऐच्छिक पद्धतही आली. जुन्या करदोड्याला असली जन्मपत्रिका नसते. त्याला कसोटीचा दगड, नाहीतर तपासणीचं यंत्र.

तीनपैकी एक झिजलेला निघाला. दुसरा मात्र अप्रतिम होता. वजनदार, घट्ट विणीचा, फाशाला दोन्हीकडे लहानशा कळ्या. मी तो बाजूला ठेवला तर त्याला दोऱ्याने बांधलेली जुनी चिठ्ठी दिसली. तारीख, वजन आणि गावाचं नाव. मी विचारलं, “हा मोडीचा की गहाणातला?”

“गहाणातला. मुदत कधीच गेली.”

नाव मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण त्या गावाहून आमच्या शाळेला ११ मुलं येतात. मुख्याध्यापकाच्या कपाटात निम्म्या गावाचे फीमाफीचे अर्ज असतात, त्यामुळे कोणत्या घरात कोणत्या वर्षी पाऊस पडला नाही, हे त्याला ठाऊक असतं. मी करदोडा परत ठेवला आणि म्हटलं, “अण्णा, अजून थोडे दिवस थांबा. कदाचित सोडवायला येतील.”

अण्णा हसले. “सर, मी पेढी चालवतो, देवस्थान नव्हे.” मग चष्मा पुसत म्हणाले, “दसऱ्यापर्यंत ठेवतो.”

पुढे दसऱ्यानंतर मी सहज चौकशी केली. “गेला तो,” एवढंच ते म्हणाले. मालकाने सोडवला की दुसऱ्या गिऱ्हाइकाने नेला, हे विचारण्याचं धैर्य मला झालं नाही.

मी घेतला तो तिसरा. दिसायला साधा, काळवंडलेला, पण कड्या शाबूत आणि सांधे चांदीचेच. चिकोडीकडच्या एका खेड्यातली म्हातारी तो विकून गेली होती. अण्णा तिच्याशी कन्नडमध्ये बोलले होते, ते मला मराठीत सांगू लागले. तिचा मुलगा-सून पुण्याला, नातू कॉलेजात. “आता उडदार घालायला घरात पोर कुठे आहे?” असं म्हणून तिने तो काउंटरवर ठेवला. आपण करदोडा म्हणतो, ते उडदार म्हणतात. आपली चांदी तिकडे बेळ्ळी, आणि आपण जिला शुक्राची चांदणी म्हणतो ती त्यांची बेळ्ळी चुक्की. दोन्ही भाषांना आकाशाकडे बघून एकच धातू आठवावा, याचं मला, भाषेच्या मास्तराला, त्या काउंटरपाशी फार बरं वाटलं.

घरी आलो. सौ.ने पुडी उघडली, काळा करदोडा पाहिला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला. तिचं न बोलणं बोलण्यापेक्षा मोठं असतं. खाटेवर आई बसली होती. वय ८०, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. तिने हात पुढे केला. करदोडा बोटांतून ओढत ओढत, एकेक कडी चाचपत, फाशापर्यंत गेली.

“मोडीतला हाय न्हवं?” तिने विचारलं.

“होय.”

“बरं केलंस. निदान एक तरी मुशीतनं वाचला.”

मग तिने, मी न विचारताच, १९८४ ची गोष्ट सांगितली. करदोडा घेऊन ती एकटीच पेठेत गेली होती. वडिलांना ठाऊक नव्हतं. सराफाने वजन केलं, घट धरली आणि १६० रुपये मोजले. पैसे पदराच्या गाठीत बांधताना ती त्याला म्हणाली होती, “ह्यो मोडू नका. कुणाच्या तरी लेकराच्या कमरंला बांधा. धा रुपय कमी दिलासा तरी चालंल.”

“मग त्याने काय केलं?” मी विचारलं.

“धा रुपय कमी दिलं,” आई म्हणाली. “मोडला का न्हाई, देवाला ठावं.”

सौ. तिथेच उभी होती. आई तिच्याकडे वळून म्हणाली, “तळतळाट कसला, गं? लेकरू शिकाया जायचं म्हणून इकला. रडत न्हवतं इकलं.”

त्यावर कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने सौ. उठली, रिठे भिजत घातले आणि करदोडा त्यात सोडला.

चांदी काळी पडते ती गंजून नव्हे. हवेतल्या गंधकाने तिच्यावर काळा थर धरतो. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशाने घासली की मळ जातो. काळेपणा हट्टी असेल तर अॅल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून साखळी तळाला टेकेल अशी ठेवायची. अंडं नासल्यासारखा किंचित वास येतो आणि काळं उतरतं, चांदी मात्र घासली जात नाही. नक्षीत मुद्दाम काळं भरलं असेल किंवा साखळी पोकळ असेल तर हा प्रयोग करू नये. दातांच्या पेस्टने आणि राखेने घासण्याची सवय सोडावी. चकाकी येते ती ओरखड्यांची. ठेवताना रबरात गुंडाळू नये, रबरात गंधक असतं. लोकरीतही ठेवू नये. सुती कापडात, बंद पिशवीत, सोबत एक खडूचा तुकडा. तो ओल शोषतो. तीस वर्षं खडूने फळ्यावर लिहिलं, पण त्याचा हा उपयोग मला त्या आठवड्यात कळला. आणि लहान बाळाला साखळी घालायची ती कमरेला, गळ्यात नाही. दोन बोटं सहज सरकतील इतकी सैल, आणि टोचणारं टोक एकही नको.

या सगळ्यांपेक्षा मोठा उपाय म्हणजे वापर. रोज अंगावर असलेली चांदी पेटीतल्या चांदीपेक्षा उजळ राहते.

बारशाच्या दिवशी करदोडा आईनेच बांधला. हात थरथरत होते, आकडा बसेना, तेव्हा सौ.ने तिच्या हाताखाली हात धरला. दोघींनी मिळून फासा अडकवला. बाळाने पाय झाडले आणि त्याला करदोड्याचं काही देणंघेणं नव्हतं हे जाहीर केलं.

त्या रात्री मला आपल्या ‘मोड’ या शब्दाचं नवल वाटलं. नोटेचे सुटे पैसे म्हणजे मोड. सराफाच्या डब्यातलं तुटकं-फुटकं म्हणजे मोड. आणि भिजवलेल्या मटकीला रात्रीतून फुटतो तोही मोडच. वर्गात हा शब्द मी कितीदा फळ्यावर लिहून त्याचे अर्थ सांगितले असतील. तिसरा अर्थ दुसऱ्याच्या इतका जवळ राहतो, हे मात्र आईने दहा रुपये कमी घेऊन १९८४ सालीच ओळखलं होतं.